जुन्या बाजारात घेतलेली काचेची फुलदाणी खरोखर पोलंडची आहे का, हे कसे ओळखावे?

धुरकट तपकिरी रंगाची, जाड काचेची फुलदाणी विक्रेत्याने तुम्हाला ‘होर्बोवी यांची’, म्हणजे त्या नावाच्या पोलिश काच-रचनाकाराची, म्हणून दिली, पण तिच्या तळाशी सही किंवा शिक्का नाही, म्हणून तुम्हाला शंका आली आहे. एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. १९६० आणि १९७०च्या दशकांत पोलंडच्या कारखान्यांतून निघालेल्या काचेवर बहुधा कागदी लेबलच असे, आणि ते धुण्या-पुसण्यात निघून जाई.

झ्बिग्नेव होर्बोवी (१९३५–२०१९) यांनी श्चित्ना गावातल्या ‘सुदेती’ कारखान्यासाठी आणि पुढे पोलानित्साच्या ‘बार्बारा’साठी काम केले. हा सायलेशियाचा डोंगराळ भाग १९४५ पर्यंत जर्मनीत होता आणि तिथल्या काचकामाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. होर्बोवींची फुलदाणी मला आवडते ती तिच्या संयमामुळे: आकार साधा, नक्षी जवळजवळ नाहीच, आणि सारा परिणाम काचेची जाडी व तिच्यातून गाळून येणारा रंग यांवर सोपवलेला.

याउलट झोंबकोवित्सेच्या कारखान्यात यान सिल्वेस्टर द्रोस्त आणि एरिका त्शेविक-द्रोस्त या दांपत्याने साच्यात दाबून घडवायच्या काचेसाठी नमुने केले. तिथे उठावदार नक्षी हेच सौंदर्य आहे, आणि यान यांचा ‘अ‍ॅस्टेरॉइड’ हा नमुना संग्राहक आजही आवर्जून शोधतात.

तेव्हा आधी फुलदाणीच्या आत बोट फिरवून पाहा. बाहेर नक्षी असूनही आतली भिंत सपाट लागली, तर काच बहुधा दट्ट्याने दाबलेली आहे. बाहेरचे चढउतार आतही जाणवले, तर ती साच्यात फुंकलेली असावी. दट्ट्या वर निघावा लागत असल्यामुळे दाबलेल्या फुलदाणीचे तोंड सहसा पोटापेक्षा अरुंद नसते. मात्र बाहेर उभी सांधरेषा नसली म्हणून ती साच्याशिवाय घडली असे समजू नका, कारण ओल्या लाकडी साच्यात फिरवत फुंकलेल्या काचेवर अशी रेषा उरत नाही.

एवढे करूनही नाव सिद्ध होत नाही, कारण धुरकट काच त्या काळी स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकियातही भरपूर होत असे. माझ्या मते, कारखान्याच्या जुन्या सूचीपत्रातील चित्राशी आकार आणि उंची दोन्ही जुळल्याशिवाय होर्बोवींच्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. व्रोत्सवाफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आधुनिक काचेचा मोठा संग्रह आहे. तिथल्या वस्तूंची छायाचित्रे पाहताना रंगापेक्षा गळ्याच्या आणि तळाच्या घडणीकडे अधिक लक्ष द्या.