पाळणाघर सोडताना महिन्याची नोटीस मागता येते का?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत घरीच पाळणाघर चालवते, सहा मुलं आहेत, मदतीला एक मावशी येतात. मागच्या रविवारी रात्री साडेदहाला एका आईचा मेसेज, "सासूबाई गावाहून आल्यात, उद्यापासून बाळ येणार नाही, थँक्यू." बाळाची दुपटी, बाटली सगळं माझ्याकडेच पडलंय. आता ऐन मे महिन्यात नवीन मूल कुठून मिळणार, मावशींचा पगार तर द्यावाच लागतो. मिस्टर म्हणतात एक महिन्याची फी मागून घे. नोटिशीचं आधी काहीच बोलणं झालेलं नव्हतं. मागू का?

उत्तर : हक्काने मागू नका. जो नियम कधी सांगितलाच नाही त्याचे पैसे कुठल्या तोंडाने मागणार? सामान न्यायला आल्या की सरळ बोला, की अचानक जागा रिकामी झाली, पंधरा दिवसांची फी दिलीत तर बरं होईल. दिली तर दिली. नाही दिली तर सोडून द्या.

पण जूनपासून नवीन अॅडमिशन घेताना एक महिन्याची फी डिपॉझिट म्हणून घ्या. महिनाभर आधी सांगितलं तर ती शेवटच्या महिन्यात वळती होईल, न सांगता गेले तर परत मिळणार नाही, एवढं साध्या कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. तोंडी बोलणंही कायद्याने चालतं हो, पण उद्या "असं ठरलंच नव्हतं" म्हणाले की तुम्ही काय दाखवणार? जुन्या पालकांवर एकदम लादू नका, निदान महिनाभर आधी सांगा.

काहीजणी तीन-तीन महिन्यांची अट टाकतात, ती नुसती भीती घालायला. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, त्याच्या आत कोर्टाला वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. आणि फीच्या वसुलीसाठी वकील करायचा तर त्याचीच फी जास्त होईल. म्हणून डिपॉझिट बरं, मागे लागावं लागत नाही.

आता हेही ऐका, राग येईल कदाचित. नियम तुम्हालाही लागू. तुम्ही आठवडाभर गावाला जाणार, किंवा एखाद्या मुलाला "आता नाही जमणार" म्हणणार, तर तिकडेही महिनाभर आधी सांगायला हवं. सव्वीस आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपवून नुकती कामावर जायला लागलेली आई, तिला तुम्ही शुक्रवारी सांगितलं की सोमवारपासून बंद, तर ती त्या बाळाला घेऊन लोकलमध्ये चढणार का? माझ्याकडे पालकांची पत्रं येतात ती बहुतेक अशीच असतात.

नोकरी गेली, बदली झाली, घरात आजारपण आलं, तर डिपॉझिट परत द्या, कागदावर असो नसो. आणि मे महिन्यात जे मामाच्या गावाला जाऊन जूनमध्ये परत येणार असतात त्यांच्याकडून जागा राखायची अर्धी फी एप्रिलमध्येच घेत चला, म्हणजे मावशींच्या पगाराचं तरी निभेल.