ख्रिसमससाठी स्वयंपाकघर साधं, जुन्या वळणाचं कसं सजवावं?

आधी ओट्यावरचं निम्मं सामान कपाटात टाका, अर्धं काम तिथेच होतं. मग घरातलंच जुनं बाहेर काढा: इनॅमलचे मग, काचेच्या बरण्या, लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड. रंग लाल, हिरवा, मळकट पांढरा, बस्स.

माझ्या आवडीच्या म्हणजे संत्र्याच्या चकत्या. अर्धा सेंटिमीटर जाड कापा, फडक्याने टिपा, ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसला ३-४ तास वाळवा, अधूनमधून उलटा. दालचिनीच्या कांड्यांबरोबर सुतळीत ओवून खिडकीत टांगल्या की ऊन त्यांतून केशरी होऊन आत येतं. चिकट राहिल्या तर बुरशी धरते, म्हणून घाई नको.

शेगडीच्या वर मात्र काहीही लटकवू नका. आणि ती प्लास्टिकची चमचमती माळ? बैठकीतच राहू द्या.