सामान वाहणाऱ्या एसयूव्हीला एमटी टायर घ्यावेत का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: डिझेल एसयूव्ही आहे, मागच्या सीट दुमडून तुम्ही नेहमी चारशे किलोच्या आसपास सामान नेता. निम्मा रस्ता डांबरी, उरलेला खडीचा आणि पावसात चिखलाचा. टायरवाला म्हणतोय, "एक साइज मोठे एमटी, म्हणजे खास चिखलाचे मड-टेरेन टायर टाका, वजनही जास्त घेतील." ऐकावं का?

नका ऐकू. मोठी साइजही नको आणि एमटीही नको. या कामाला गाडीच्या मूळ साइजचे, पण जास्त लोड इंडेक्सचे (म्हणजे जास्त वजन पेलणारे) एटी टायर लागतात. एटी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे. मी स्वतः अशाच मिश्र रस्त्यांवर भरलेली गाडी चालवतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी टायर बाजूला ठेवा आणि गाडी नेहमीसारखी भरून वजनकाट्यावर न्या. कागदपत्रांत दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोन्हींतला फरक हीच गाडीची खरी क्षमता, आणि त्यात माणसंही येतात. समजा रिकामी गाडी १९०० किलोची आणि कमाल वजन २५०० किलो. म्हणजे हातात ६०० किलो. दोन माणसांचे १५० गेले. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) लावला असेल तर आणखी शंभर गेले. उरले ३५०, आणि तुम्ही ४०० भरताय. इथे कितीही दणकट टायर लावला तरी उपयोग नाही, कारण एक्सल, ब्रेक, स्प्रिंग आणि चासी तीच राहते. टायर बदलून गाडीची क्षमता वाढत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

काट्यावर फक्त मागची चाकं चढवूनही एकदा वजन घ्या. मागच्या एक्सलची मर्यादा वेगळी असते, आणि बहुतेक वेळा तीच आधी ओलांडली जाते. दोन एक्सलमधलं अंतर २.८ मीटर असेल आणि १०० किलोची वस्तू मागच्या एक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे ठेवली, तर त्या एक्सलवर १२५ किलो येतात आणि पुढचा एक्सल २५ किलोने हलका होतो. मग स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. सीट दुमडलेल्याच आहेत, तर जड सामान शक्य तितकं पुढे आणि खाली लावा, आणि फ्लोअरच्या हुकांना पट्ट्यांनी आवळून बांधा. टपावर फक्त हलकं सामान.

आता टायर. टायरच्या कडेवर २६५/६५ आर १७ ११२ टी असं काहीतरी छापलेलं असतं. यातला ११२ हा लोड इंडेक्स. ते किलो नव्हेत, कोष्टकातला क्रमांक आहे: १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०, ११५ म्हणजे १२१५ आणि १२१ म्हणजे १४५०. शेवटचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, क्यू म्हणजे १६०. कंपनीने दिलेल्या इंडेक्सच्या खाली कधीच उतरू नका. शिवाय हा आकडा पूर्ण दाबाच्या टायरचा आहे, हवा कमी असेल तर तेवढं वजन पेलवत नाही.

हवेबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण भरलेल्या गाडीचं टायर फुटण्याचं मोठं कारण तिथेच असतं. वजन पेलते ती आतली हवा. ती कमी पडली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, दुमडण्यातून उष्णता तयार होते आणि आतले थर सुटायला लागतात. खडीवर वेग कमी असतो म्हणून हे लक्षात येत नाही. फटका बसतो तो डांबरी रस्त्यावर, वेगात, उन्हात. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बहुतेक गाड्यांत दोन दाब दिलेले असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण लोडचा. भरलेल्या गाडीला दुसरा. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब ही त्या टायरची हद्द आहे, तुमच्या गाडीची शिफारस नव्हे. आणि दाब टायर थंड असतानाच तपासा. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहतो.

एलटी प्रकारचे, म्हणजे हलक्या ट्रकचे टायर घ्यायचा विचार असेल तर एक सापळा आहे. त्यांची कड जाड असते आणि अणकुचीदार खडीत ती खरोखर टिकते. पण तेवढंच वजन पेलायला त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त दाब लागतो. एलटी लावून स्टिकरवरचाच जुना दाब ठेवला, तर महागडा मजबूत टायर घेऊन कमी हवेवर पळवल्यासारखं होतं. त्या टायरच्या कंपनीचं वजन आणि दाबाचं कोष्टक मागा आणि मागच्या एक्सलच्या वजनावरून दाब ठरवा.

एमटीची शिफारस मी फक्त रोज खोल चिखलात जाणाऱ्याला करेन. त्याच्या गट्टूंमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या ठोकळ्यांमधल्या रुंद फटी चिखल बाहेर फेकतात, पण त्याच फटींमुळे डांबरावर रबर कमी टेकतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, आणि चारशे किलो पाठीवर असताना ते अंतर आधीच वाढलेलं असतं. आवाज, झीज आणि इंधन हे त्याच्या नंतरचे मुद्दे. एटीमध्ये गट्टूंवर बारीक चिरा आणि फटींच्या तळाशी खडे अडकू न देणारे उंचवटे आहेत का, तेवढं पाहा.

मोठ्या साइजचं गणितही करून बघा. २४५/७० आर १६ ऐवजी २६५/७० आर १६ घातला तर टायरचा व्यास ७४९ वरून ७७७ मिलिमीटर होतो. जमिनीपासूनची उंची वाढते फक्त १४ मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी जवळपास १०४ ने धावते, चढावर क्लच आणि इंजिनवर ताण येतो, आणि स्प्रिंग दबलेली असताना चाक वळवलं की टायर आतल्या मडगार्डला घासू शकतो.

खडीवर थोडी हवा सोडली तर गाडी कमी आपटते आणि पंक्चरही कमी होतात. पण रेतीत रिकाम्या गाडीला १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात, ते भरलेल्या गाडीला करू नका. मी लोड असताना चार-पाच पीएसआयपेक्षा जास्त हवा सोडत नाही, वेग चाळीसच्या आत ठेवतो आणि डांबर लागायच्या आधी छोट्या कॉम्प्रेसरने हवा परत भरतो.

झीज मोजताना फटींची खोली १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत येईस्तोवर थांबू नका. चिखलात पकड त्याच्या कितीतरी आधी जाते. मी चार मिलिमीटरला बदलतो. विकत घेताना कडेवरचे शेवटचे चार अंक बघा, २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आणि चार नाही, पाच घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून चाललात तर ट्रान्सफर केस आणि डिफरन्शिअलवर (इंजिनची ताकद चाकांमध्ये वाटणाऱ्या गिअरवर) ताण येतो, आणि जुन्या, कमी इंडेक्सच्या स्टेपनीवर भरलेली गाडी न्यायची वेळ नेमकी वस्तीपासून लांब येते.