किट विमान अर्धवट, वही कोरी, व्हिसा एच-१बी

प्रश्न: मी अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. गेल्या वर्षी एका दिवंगत हौशी बांधकऱ्याच्या मुलाकडून दोन आसनी अ‍ॅल्युमिनियमचं किट विमान (कारखान्याच्या सुट्या भागांतून घरी जोडायचं) अर्धवट अवस्थेत विकत घेतलं. शेपूट आणि डावा पंख वडिलांनी स्वतः बांधला होता. उजवा पंख त्यांनी आजारपणात एका व्यावसायिक वर्कशॉपला पैसे देऊन करून घेतला. धडाचं काम मी गॅरेजमध्ये सुरू केलं आहे. कागद म्हणून मुलाच्या सहीची एक पानी पावती आहे आणि वडिलांची कामाची वही, जी निम्म्यानंतर कोरी आहे. ओळखीतला एक जण म्हणतो, फॉर्मवर सगळं काम हौशी माणसांनीच केलं असं लिहून मोकळा हो. दुसरा म्हणतो, मी सिटिझन आहे, विमान माझ्या नावावर नोंदव. काय करावं?

उत्तर: दोन्ही सल्ले नाकारा. पहिल्याने तुम्ही एकटे अडकाल, दुसऱ्याने तो मित्रही. शिवाय दोन्ही खोटी निष्कारण आहेत. खरं आहे ते सांगूनही हे विमान बहुधा नियमात बसेल.

एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक खात्याला, तीन गोष्टी कळायला हव्या असतात: विमान कोणी बांधलं, मालक कोण आहे, आणि दरवर्षी तपासून सही कोण करणार. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. तुमच्या पत्रात ते एकमेकांत गुंतलेत, म्हणून प्रकरण आहे त्यापेक्षा अवघड वाटतंय.

आधी बांधणीचं बघू. हौशी बांधणीच्या विमानाला एक्सपरिमेंटल प्रमाणपत्र, म्हणजे उडवण्याची परवानगी, मिळतं ते फेडरल नियम २१.१९१ (जी) खाली. विमानाचा मोठा भाग अशा माणसांनी बांधलेला हवा, ज्यांनी तो केवळ शिकण्यासाठी किंवा हौसेखातर बांधला. ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात तो हाच. हे टक्के तासांचे नाहीत, पैशांचे नाहीत, वजनाचेही नाहीत. ते कामांचे आहेत. एफएएची एक चेकलिस्ट आहे. त्यात विमान बांधण्याची एकेक कामं ओळीने दिलेली असतात आणि प्रत्येक कामाचं श्रेय किट बनवणारा कारखाना, पैसे घेऊन मदत करणारा आणि हौशी बांधकरी यांच्यात दशांशात वाटलं जातं. हौशी माणसाच्या रकान्यांची बेरीज निम्म्याहून जास्त भरली पाहिजे. इंजिन, प्रॉपेलर, चाकं-ब्रेक, उपकरणं, नटबोल्ट तुम्ही घडवावेत अशी अपेक्षा नाही. रंगकाम आणि गादीकामही हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे ती खुशाल बाहेरून करून घ्या.

यातली तुमच्या उपयोगाची गोष्ट अशी की नियमाला एकच बांधकरी लागत नाही. वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेलं काम हौशीच्याच रकान्यात जातं, मग विमान पुढे कितीही हातांतून जावो. कापला जाईल तो फक्त वर्कशॉपचा वाटा. पंखाच्या बरगड्या स्पारला (पंखाच्या मुख्य दांड्याला) जोडणं ही चेकलिस्टमधली एक ओळ धरा. डावा पंख वडिलांनी जोडला, उजवा वर्कशॉपने, तर त्या ओळीत कारखान्याचा भाग वगळून जे उरतं ते साधारण अर्धं-अर्धं होईल. धड, कंट्रोल, इंधनाच्या नळ्या, इंजिन बसवणं या ओळी अजून तुमच्याच हातात आहेत.

म्हणून आधी किट कुठलं ते तपासा. साधं किट असेल तर असा एखादा पंख सहसा पचतो. कारखान्यातून बरंचसं जोडून येणारं क्विक-बिल्ड किट असेल तर मात्र सावध व्हा. त्यात कारखान्यानेच जवळपास सगळी मुभा वापरलेली असते आणि बाहेरच्या पगारी हाताला जागा उरत नाही. एफएएने तपासलेल्या किटांची यादी जाहीर असते. त्या मॉडेलची भरलेली चेकलिस्ट मिळवा, तिच्यावर वर्कशॉपचा वाटा मांडा आणि बेरीज करा. आकडा काठावर आला तर धडाचं एकही काम बाहेर देऊ नका. एखाद्याने रिव्हेट कसं मारायचं ते दाखवलं तर हरकत नाही, पण त्याने स्वतः मारलेले रिव्हेट तुमच्या खात्यात येत नाहीत.

हे सगळं फॉर्म ८१३०-१२ वर उघड करायचं असतं. व्यावसायिक मदत घेतली का, हा प्रश्न त्यात थेट विचारलेला आहे. तिथे जाणूनबुजून खोटं लिहिलं तर फेडरल कायद्याच्या टायटल १८, कलम १००१ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फॉर्मवरच तसा इशारा छापलेला असतो. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्याला सांगा, त्या वर्कशॉपच्या हिशेबात बिल आहे आणि दिवंगतांच्या बँकेत चेकची नोंद आहे. एच-१बीवर असलेल्या माणसाला फेडरल खटल्यात दंडापेक्षाही इमिग्रेशनचा फटका मोठा बसतो.

आता कोरी वही. ती मागच्या तारखा टाकून भरू नका. तपासायला येणारा एफएएचा इन्स्पेक्टर किंवा डीएआर (एफएएने नेमलेला खासगी तपासनीस) यांना एका बैठकीत लिहिलेली पानं ओळखू येतात. त्याऐवजी पुरावे गोळा करा. वडिलांच्या फोनमधले आणि संगणकातले मूळ फोटो घ्या, कारण त्यात तारखा आपोआप असतात. किट कारखान्याशी झालेले ईमेल, हत्यारं आणि रिव्हेटच्या पावत्या, हौशी विमान बांधणाऱ्यांच्या ईएए या संघटनेच्या टेक्निकल काउन्सेलरने भेट दिली असल्यास त्याचे शेरे मिळवा. काम होताना पाहिलेल्या शेजाऱ्याचं किंवा मित्राचं प्रतिज्ञापत्र घ्या. वर्कशॉपकडून नेमकं काय केलं याचं पत्र मागा. ‘उजवा पंख’ एवढं मोघम लिहून घेऊ नका. वरची स्किन (पत्र्याचं आवरण) बसवली पण खालची उघडी ठेवली, असा तपशील हवा. खालची स्किन खरंच उघडी असेल तर ती तुम्ही बसवा, त्या ओळीत तुमचा वाटा वाढेल. पंख पूर्ण बंद असेल तर तपासणीच्या झाकणांतून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून आतले रिव्हेट बघा आणि चित्रण ठेवा. कायद्याला याची गरज पडो न पडो, त्या पंखाखाली बसणार तुम्ही आहात.

तुमची स्वतःची वही अशी असावी: तारीख, धडाची डावी खालची स्किन, ३/३२ इंची, ‘४२६’ प्रकारचे रिव्हेट, बांधणी पुस्तिकेचं पान, शॉप हेडचा (रिव्हेटच्या ठोकून चपट्या झालेल्या टोकाचा) व्यास ०.१४ इंच मोजला, दोन रिव्हेट ड्रिल करून बदलले, काम कोणी केलं, फोटो क्रमांक. दर काही फोटोंत तुमचे हात आणि चेहरा दिसू द्या. नुसत्या चकचकीत भागांच्या फोटोंवरून ते कोणी बांधले हे सिद्ध होत नाही.

मालकीकडे वळू. मला खरी चिंता या एक पानी पावतीची आहे. पहिल्यांदा नोंदणी होणाऱ्या किट विमानासाठी नियम ४७.३३ खाली मालकीचा पुरावा द्यावा लागतो: ८०५०-८८ हे प्रतिज्ञापत्र आणि किट कारखान्याचं बिल ऑफ सेल (विक्रीखत). ते बिल अर्थातच वडिलांच्या नावावर असणार. मग वडिलांपासून तुमच्यापर्यंतची कडी जोडावी लागते, आणि ती नेमकी मधे तुटलेली आहे, कारण मुलगा म्हणून मुलाला विकण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. मृत्युपत्र प्रोबेट झालं असेल तर एक्झिक्युटर म्हणून त्याला मिळालेल्या लेटर्स टेस्टामेंटरीची प्रमाणित प्रत घ्या. प्रोबेट झालंच नसेल तर त्या राज्याच्या कायद्यातली लहान मालमत्तेची प्रतिज्ञापत्राची सोय लागू होते का ते तिथल्या वकिलाला विचारा. विधवा पत्नी किंवा इतर भावंडं वारस असतील तर त्यांच्याही सह्या लागू शकतात. त्यानंतर किटचा सीरियल नंबर टाकून ८०५०-२ या नमुन्यात नवं बिल ऑफ सेल करून घ्या. हे आत्ताच करा. तीन वर्षांनी मुलाचा पत्ता बदललेला असेल आणि विमानाची किंमत वाढलेली असेल.

त्याच वेळी त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे वडिलांच्या नावावर यूसीसी शोध (तारण ठेवलेल्या मालाच्या नोंदींचा) घ्या. किट कर्ज काढून घेतलेलं असेल तर बोजा तिथे दिसेल. विमान अजून नोंदलेलंच नसल्याने एफएएच्या दप्तरात पाहून भागत नाही.

नोंदणी. अमेरिकेत व्यक्ती म्हणून विमान नोंदवायला तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. एच-१बी चालत नाही, कायदेशीर वास्तव्य कितीही वर्षांचं असो. सहमालक असतील तर प्रत्येक जण पात्र हवा, म्हणून ‘मित्र आणि मी’ अशी जोडनोंदही होत नाही. मित्राच्या एकट्याच्या नावावर टाकून पैसे आणि ताबा तुमचा ठेवलात, तर नोंदणी अर्जावर मालक म्हणून केलेली त्याची सही खोटी ठरते. तेवढ्यासाठी टायटल ४९, कलम ४६३०६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि खरोखरच त्याला देऊन टाकलंत तर ते त्याचंच झालं: त्याच्या घटस्फोटात, त्याच्या कर्जवसुलीत, त्याच्या वारसांत. पत्नी ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असेल तर तिला खरीखुरी भेट देणं हा त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग.

नाहीतर दोन वाटा उरतात. अमेरिकेत स्थापन केलेल्या कॉर्पोरेशनच्या नावावर नोंदवता येतं, भागधारक परदेशी असला तरी. अट अशी की विमान इथेच ठेवलेलं असावं आणि दर सहामाहीत त्याच्या उड्डाणाच्या तासांपैकी किमान ६० टक्के अमेरिकेत व्हावेत. तशी नोंद ठेवावी आणि मागितल्यास दाखवावी लागते. हौशी माणसाला ही अट जड नाही. दुसरी वाट नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक विश्वस्त असलेल्या ट्रस्टची. ती महाग पडते, आणि विश्वस्ताला हटवण्याचे किंवा आदेश देण्याचे तुमचे अधिकार २५ टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. कॉर्पोरेशन काढलंत तर तिच्यातून पगार घेऊ नका, विमान भाड्याने देऊ नका. भाड्याने प्रवासी किंवा माल नेणं एक्सपरिमेंटल विमानाला तसंही बंद आहे, आणि एच-१बीवर ते वेगळं संकट ओढवेल.

मात्र यावर आज एक डॉलरही खर्च करू नका. बांधायला व्हिसाची आडकाठी नाही. नोंदणी लागते ती प्रमाणपत्रासाठी अर्ज ८१३०-६ करताना, म्हणजे विमान पूर्ण झाल्यावर. धड, इंजिन आणि वायरिंग व्हायला काही वर्षं जातील. तोवर ग्रीन कार्ड आलं तर नोंदणीच्या या आडवाटा तुम्हाला लागणारच नाहीत. वैमानिक व्हायचं बाकी असेल तर त्याची तयारी मात्र आधी करा: परदेशी नागरिकाला विमान चालवायचं प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याची तपासणी पार करावी लागते.

राहिला तिसरा प्रश्न. दरवर्षीच्या तपासणीवर स्वतः सही करू देणारं, बांधकऱ्याला मिळणारं रिपेअरमन प्रमाणपत्र नियम ६५.१०४ खाली येतं, आणि तिथेही नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डाची अट आहे. शिवाय तुम्ही मुख्य बांधकरी असल्याचं पटवावं लागतं. दोन पंखांत आणि शेपटीत तुमचा हात नसल्याने हे आपोआप गृहीत धरलं जाणार नाही, म्हणून धडापासून पुढची वही आणखी काटेकोर ठेवा. हे प्रमाणपत्र नसेल तरी विमान अडकून पडत नाही. दरवर्षीची कंडिशन इन्स्पेक्शन ए अँड पी मेकॅनिककडून (एफएएचा परवाना असलेल्या विमान मेकॅनिककडून) करून घेता येते. त्याला इन्स्पेक्शन ऑथरायझेशन हा जादा परवाना लागत नाही. बाकीची देखभाल, दुरुस्ती तुम्ही स्वतः करू शकता. हौशी विमानाला देखभालीच्या नियमांचा भाग ४३ लागू होत नाही. ग्रीन कार्ड आल्यावर रिपेअरमनसाठी अर्ज करा.

डेटा प्लेटवर बांधकरी म्हणून नाव कोरताना घाई नको. ती प्लेट अग्निरोधक असते आणि विमान विकल्यावरही तशीच राहते. पुढच्या मालकाच्या वारसांचा वकील अपघातानंतर पहिलं नाव तिथेच वाचेल, आणि खरेदीदाराने ‘दावा करणार नाही’ असं लिहून दिलेलं तिसऱ्या माणसाला बांधत नाही.