वाचकांचे प्रश्न : वावरातली पवनचक्की आणि वादळी वारा

प्रश्न : गोठ्याजवळ आम्ही घरीच पवनचक्की बनवून उभी केली. सागवानी तीन पाती, व्यास 2.4 मीटर, 9 मीटरचा पाइप, 24 व्होल्टची बॅटरी आणि सोलरचा जुना चार्ज कंट्रोलर. रोहिणीत वावधान आलं तेव्हा बॅटरी भरलेली होती. चक्की भन्नाट सुटली आणि एक पातं बुडातून तुटलं. शेपूट वेल्डिंग करून पक्की बसवलेली आहे. पाती आणखी जाड करावीत का? (एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. पातं तुटलं ते बारीक होतं म्हणून नव्हे. चक्कीवरचा भार सुटला, आणि वाऱ्यातून बाजूला व्हायला तिला वाटच नव्हती.

आधी भाराचं बघू. सोलरचा साधा कंट्रोलर बॅटरी भरली की लाइन तोडतो. सोलर पॅनेलला त्याने काही होत नाही. पवनचक्कीचं मात्र उलट आहे: बॅटरीत जाणारा करंट हाच तिचा लगाम. तो सुटला की फेरे दुप्पट होतात, आणि फेरे दुप्पट झाले की पात्याच्या बुडावरची ओढ चौपट होते. म्हणून तो कंट्रोलर चक्कीच्या लाइनमधून आजच काढा. चक्की रेक्टिफायरमधून (चक्कीच्या एसी विजेची डीसी करणारा भाग) थेट बॅटरीला जोडा आणि बॅटरीवर डायव्हर्जन कंट्रोलर बसवा. बॅटरी 28.8 व्होल्टला पोचली की तो जास्तीची वीज हीटरमध्ये जाळतो. तुमच्या चक्कीला 0.8 ओहमचा हीटर लागेल; तो 28.8 व्होल्टला 36 अँपिअर, म्हणजे सुमारे एक किलोवॅट घेतो. इथे बरेच जण बाजारातला 230 व्होल्टचा हजार वॅटचा रॉड लावतात. त्याचा रोध जवळपास 53 ओहम असतो, त्यामुळे 28.8 व्होल्टला तो जेमतेम 16 वॅट घेतो. त्याने चक्की आवरत नाही. नायक्रोमची जाड तार लोखंडी जाळीच्या पेटीत चिनी मातीच्या खुंट्यांवर गुंडाळा. पेटी कडब्यापासून आणि घरात भरलेल्या कापसापासून लांब, उघड्या भिंतीवर ठेवा. ती तार लालबुंद होते.

आता वाट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. तुमच्या पात्यांच्या घेऱ्यातून ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे 2.7 किलोवॅट शक्ती वाहते, ताशी 72 ला ती 21 किलोवॅटच्या वर जाते. एवढी शक्ती अंगावर घेणारी चक्की घरी बनत नाही, आणि बनवायची गरजही नाही. जोराच्या वाऱ्यात तोंड आपोआप फिरवणारी चक्की घरी बनते.

त्यासाठी डोकं, म्हणजे खांबाच्या टोकावर फिरणारा भाग, नव्याने जोडावं लागेल. अल्टरनेटर (पात्यांमागचं वीज बनवणारं यंत्र) खांबाच्या मध्यावर न ठेवता 100 ते 125 मिलिमीटर एका बाजूला सरकवा, म्हणजे वाऱ्याचा दाब चक्कीला सतत वळवू पाहील. तिला सरळ धरायचं काम शेपटीचं. शेपटीचा बिजागर दुसऱ्या बाजूला, उभ्या रेषेपासून 20 अंश कलता वेल्ड करा. आत एक इंची, बाहेर सव्वा इंची बी क्लास पाइप घेतला तर फट बरोबर राहते. कलामुळे दुमडताना शेपूट वर उचलली जाते. वारा हलका असेपर्यंत तिचं वजन तिला खाली, सरळ ठेवतं. वारा ताशी 40 किलोमीटरच्या पुढे गेला की दाब वजनाला भारी पडतो, डोकं वळतं आणि शेपूट अल्टरनेटरच्या बाजूला दुमडते. वारा पडला की आपल्याच वजनाने परत येते.

शेपटीची दांडी एका पात्याएवढी, म्हणजे सुमारे 1.2 मीटर घ्या. दांडीच्या टोकाला 9 मिलिमीटर प्लायवूडचा पंखा (सपाट फळी) 0.35 चौरस मीटरचा पुरे. दोन्हीकडे अडणी वेल्ड करायला विसरू नका: एक सरळ स्थितीत, दुसरी शेपूट पात्यांना लागण्याआधी. दुसरी अडणी नसेल तर पहिल्याच वादळात शेपूट पात्यांत घुसते.

शेपटीचं वजन जमवण्यासाठी अँमीटर बघत बसा. जोराच्या झोतात करंट 25 ते 30 अँपिअरला येऊन थबकला पाहिजे. त्यापुढे चढतच गेला तर शेपूट जड आहे, पंख्याचा तुकडा कापा. 10 अँपिअरलाच तोंड फिरवत असेल तर टोकाला अर्धा-अर्धा किलो वाढवून बघा. पुढे पाती किंवा कॉइल बदललीत तर हे सगळं पुन्हा जमवावं लागतं. उन्हाळा लागण्याआधी बिजागरात ग्रीस भरा. गंजून अडकलेला बिजागर म्हणजे पुन्हा तुमची वेल्ड केलेली शेपूट.

प्रश्न : वादळ येताना दिसलं की पात्यांना दोर टाकून चक्की थांबवली तर? (एक वाचक, जि. वर्धा)

उत्तर : फिरत्या पात्यांजवळ दोर नेऊ नका. हात तरी जाईल किंवा पातं.

चक्कीच्या तीन तारा रेक्टिफायरच्या आधी एकमेकींना जोडल्या की ब्रेक लागतो. त्यासाठी तीन पोलचा चेंजओव्हर स्विच घ्या. पण हा ब्रेक वादळाआधी, चक्की सावकाश फिरत असतानाच लावायचा. पूर्ण जोरात असताना लावला तर ती थांबेलच असं नाही, आणि न थांबल्यास कॉइल जळतात. तारा बारीक आणि लांब असतील तर ब्रेक आणखी दुबळा पडतो. आपल्याकडे उन्हाळी वादळ दुपारनंतर धुळीचा लोट घेऊन काही मिनिटांत अंगावर येतं, त्यामुळे आभाळ भरून आलं की ब्रेक लावूनच वावरात जा. विजा कडाडायला लागल्यावर खांबाजवळ किंवा स्विचपाशी जाऊ नका. खांबाला वेगळं अर्थिंग हवंच.

प्रश्न : आमची जमीन भारी काळी. ताणाच्या तारा दरवर्षी ढिल्या पडतात, खांब झुकतो. अँगलचे खुंटे चार फूट ठोकलेले आहेत. (एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मे महिन्यात भेगांमुळे खुंट्याची पकड सुटते आणि वादळंही नेमकी तेव्हाच येतात. म्हणून अँगलच्या खुंट्यावर काळ्या रानात भरवसा ठेवू नये.

हिशेब असा. 2.4 मीटरची चक्की तोंड न फिरवता ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्यात सापडली तर खांबाच्या टोकावर सुमारे 100 किलोची ढकल येते. तार 7.5 मीटर उंचीवर बांधली आणि खुंटा खांबापासून 5 मीटरवर असला, तर वाऱ्याकडच्या तारेवर सुमारे 215 किलोची ओढ येते आणि खुंटा 180 किलोने वर उपसला जातो. खुंटा खांबाजवळ आणाल तितकी ही ओढ वाढते. ताशी 100 किलोमीटरला हेच आकडे जवळपास दुप्पट होतात. पक्क्या इमारतींच्या हिशेबात भारतीय मानकाने नागपूरसाठी धरलेला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर आहे.

चारही बाजूंना दीड मीटरचे, जमल्यास मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. तळाला 60 सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा काँक्रीटचा ठोकळा ओता. त्याचं वजन 500 किलोच्या आसपास भरतं. 16 मिलिमीटरची सळई वाकवून ठोकळ्यात आरपार गुंतवा आणि जमिनीवर तिचा डोळा काढा. खड्डा काळ्या मातीने बुजवू नका. मुरूम थराथराने चोपून भरा. तार 6 किंवा 8 मिलिमीटरचा स्टीलचा दोर, प्रत्येक टोकाला तीन क्लॅम्प. क्लॅम्पचं खोगीर ताणाच्या दोरावर आणि यू बोल्ट मोकळ्या शेंड्यावर यायला हवा. उलटा लावला तर यू बोल्ट ताणाचा दोर चेपतो. टर्नबकलमधून (दोर ताणायचा आट्यांचा जोड) बाइंडिंग तार ओवून टाका, नाहीतर थरथरीने ते आपोआप उघडत जातं. एप्रिलमध्ये एकदा, मृगाचे पहिले पाऊस झाल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ताण तपासा.

प्रश्न : पीव्हीसी पाइपची पाती चालतील का? (एक वाचक, जि. चंद्रपूर)

उत्तर : एक-सव्वा मीटर व्यासापर्यंत, शिकण्यापुरती. चंद्रपूरच्या 45 अंशांच्या उन्हात पाइप हवेपेक्षाही तापतो, नरम पडतो आणि जोराच्या झोतात पातं मागे वाकून खांबावर आपटतं. मोठ्या चक्कीला गाठ नसलेलं, सरळ रेषेचं सागवान घ्या. तिन्ही पाती काट्यावर तोलून सारख्या वजनाची करा आणि धूळ लागणाऱ्या पुढच्या कडेला जाड टेप चिकटवा. टेप एका पात्याची निघाली की तोल जातो, तेव्हा तिन्हींची एकदमच बदला.