रूट नसताना युनिक्सवर फेचमेल सोर्सवरून कसं टाकायचं?

तुम्ही लिहिलंय की सोलारिसच्या (सनच्या युनिक्सच्या) मशीनवर फेचमेलचं कॉन्फिगर, मेक (सोर्सवरून प्रोग्राम बनवणं) नीट झालं पण मेक इन्स्टॉलला, म्हणजे तो जागेवर टाकताना, परमिशन डिनाइड येतंय आणि तुमचे ॲडमिन म्हणतात रूटशिवाय, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराशिवाय, होणारच नाही. होतं. मी केलंय. मेक डिस्टक्लीन मारा (आधीचं बनवलेलं साफ होतं), कॉन्फिगरला प्रीफिक्स म्हणून, म्हणजे प्रोग्राम टाकायची जागा म्हणून, स्वतःची होम डिरेक्टरी द्या आणि परत पहिल्यापासून करा. फेचमेलला रूट लागतच नाही, ते सर्व्हरवरून मेल ओढतं आणि त्याच मशीनवर पोर्ट २५ ला सेंडमेलच्या (मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या) ताब्यात देतं.

पण खरी अडचण पुढेच आहे. २००५ साली मी पुण्यात एम.ई. करत होतो, लॅबमधे सनचं मशीन, आणि कॉलेजच्या पॉप (मेलच्या) सर्व्हरवर प्रत्येकाला १० एमबीचा कोटा. दोन मोठ्या अटॅचमेंट आल्या की बॉक्स फुल्ल, म्हणून मी फेचमेल ६.२.५ क्रॉनवर, म्हणजे ठराविक वेळी आपोआप चालेल असं, टाकायचं ठरवलं. आधी मेकच सापडेना, कारण सोलारिसवर मेक, एआर, एलडी (लिंकर, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा) हे सगळं यूएसआर सीसीएस बिनमधे असतं आणि तो पाथ माझ्या प्रोफाइलमधे (लॉगिन करताना वाचली जाते त्या सेटिंगच्या फाइलमधे) नव्हता. तो टाकला, कॉन्फिगरच्या विथ-एसएसएलला एन्क्रिप्शनची लायब्ररी होती ती जागा, यूएसआर लोकल एसएसएल, दाखवलं, कम्पाइल झालं. चालवलं तर एकच ओळ: लिबएसएसएल डॉट एसओ ०.९.७, ओपन फेल्ड. लायब्ररी तिथेच होती, लिंक करताना सापडली होती, चालवताना सापडत नव्हती.

लॅबचे ॲडमिन सर म्हणाले, "अरे प्रोफाइलमधे एलडी लायब्ररी पाथ टाक, झालं." चालवताना लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं हे सेटिंग. मी एलडीचं मॅनपेज वाचलेलं, म्हटलं सर, डॅश कॅपिटल आर देऊन परत लिंक करतो, पाथ बायनरीतच (प्रोग्रामच्या फाइलमधेच) बसेल. "कशाला एवढा उपद्व्याप, चालतंय ना?" हाताने चालवलं, चाललं. मी ऐकलं आणि दिवाळीला गावी गेलो.

क्रॉन प्रोफाइल वाचत नाही, म्हणून त्याला तो पाथ मिळालाच नाही. चार दिवस दर १५ मिनिटांनी तीच एरर, बॉक्स भरला आणि एका कंपनीचं इंटरव्ह्यूचं मेल बाउन्स झालं. मला ते नंतर मित्राकडून कळलं, तोवर तारीख गेली होती. सर म्हणाले क्रॉनचा प्रॉब्लेम आहे. नाही, क्रॉन बरोबर होता आणि त्याच्या उलट मला आजही कोणी पटवून देऊ शकत नाही! आल्यावर एलडीफ्लॅग्जमधे (लिंकरला द्यायच्या ऑप्शनमधे) डॅश कॅपिटल आर आणि यूएसआर लोकल एसएसएल लिब दिलं, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, वीस मिनिटं लागली. कॉलेज सोडेपर्यंत ते एकदाही अडकलं नाही.

तेव्हा तुम्हाला कोणी एलडी लायब्ररी पाथ सुचवला तर आधी विचारा की क्रॉनला तो कुठून मिळणार. तपासायचं असेल तर एन्व्ह डॅश आय लावून, म्हणजे रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमधे, फेचमेलवर एलडीडी मारा (कुठल्या लायब्ररी सापडतात ते दाखवतं), फाइल नॉट फाउंड दिसलं की समजा घरी गेल्यावर रडायची वेळ येणार.

हां, नुसतं टेस्टिंगला तो पाथ चालतो, तेवढं मान्य. लिनक्सवर तीच गोष्ट आरपाथने होते, आणि डेबियन असेल व रूट असेल तर सरळ ॲप्टने (तयार पॅकेज टाकणाऱ्या कमांडने) टाका, सोर्सच्या भानगडीत पडू नका. जीमेल ओढायचं असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ॲप पासवर्ड काढा. फेचमेलच्या आरसी (सेटिंगच्या) फाइलला सीएचमॉड ६०० करा, ग्रुपला किंवा बाकीच्यांना वाचता येत असेल तर फेचमेल सुरूच होत नाही. आणि पहिल्यांदा चालवताना कीप ऑप्शन लावाच, नाहीतर मेल ओढून झालं की सर्व्हरवरून ते उडवतं.