पर्सेफोनी नरकात गेली की पाताळात?

ऋतुचक्राची ग्रीक कथा मराठीत आणू पाहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, मृतांचा राजा हेडीस हा देव पर्सेफोनी या मुलीला पळवून नेतो त्या जागेला ‘नरक’ म्हणावे, ‘यमलोक’ म्हणावे की ‘पाताळ’.

‘नरक’ आधी बाद करावा. नरकात जायला पाप लागते आणि ही मुलगी तर कुरणात नार्सिससचे फूल खुडत होती. होमरच्या काव्यांत हेडीसच्या राज्यात अकिलीससारख्या वीरासह सगळेच मृत जातात. देवांचे शत्रू डांबलेले टार्टारस त्याच्याही पुष्कळ खाली आहे. ‘नरक’ वापरायचाच तर तो तिथे शोभेल.

‘यमलोक’ अर्थाने पुष्कळ जवळचा आहे, कारण तिथे मृत आहेत आणि त्यांचा राजाही आहे. मात्र आपल्याकडे यम दक्षिणेचा दिक्पाल, त्यामुळे त्याच्या घराची वाट मनात दक्षिणेकडे जाते. या कथेला हवी आहे ती खालची दिशा. मुलीच्या विरहाने संतापलेली तिची आई, धान्याची देवी डिमीटर, बी जमिनीतच दडवून ठेवते, बैल नांगर ओढत राहतात, पेरलेले पांढरे जव फुकट जातात, असे ‘डिमीटरस्तोत्रा’त वर्णन आहे. मुलगी आणि बी दोन्ही मातीखाली, हा कथेचा गाभा ‘यमलोक’ म्हटल्यावर निसटतो. मार्टिन निल्सन या स्वीडिश अभ्यासकाने तर पर्सेफोनीचा दरवर्षीचा खालचा मुक्काम म्हणजे ग्रीसच्या कोरड्या उन्हाळ्यात जमिनीखाली साठवलेले धान्य, असा अर्थ लावला. ती वसंतातल्या फुलांबरोबर परतते असे स्तोत्रच सांगत असल्याने हा अर्थ मला पुरता पटत नाही. तरी ज्या भाषेत धान्याच्या ‘पेवा’ला स्वतंत्र शब्द आहे, तिच्या वाचकाला तो चटकन कळावा.

राहिले ‘पाताळ’. तिथे नाग आणि दैत्य राहतात, मृत नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. पण वामनाने पाताळात धाडलेला बळी बलिप्रतिपदेला पृथ्वीवर येतो, अशी समजूत आपल्याकडे आहेच आणि शेतकऱ्यालाही आपण बळीराजा म्हणतो. खाली जाऊन ठरल्या वेळी वर येण्याची कल्पना या शब्दाला परकी नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘मृतांचे पाताळ’ आणि पुढे नुसते ‘पाताळ’ लिहावे. ‘हेडीस’ हे देवाचे नाव पुढे स्थळालाही लागले. मराठीत ते देवापुरतेच ठेवले, तर ‘हेडीस हेडीसमध्ये परतला’ असली वाक्ये टळतील.